भटारखान्यात धुराचा नको, हीटचा लावा: हीट डिटेक्टर कसा चालतो, कुठला घ्यायचा, कसा बसवायचा

मागच्या लग्नसराईत खानापूर रोडच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांचा फोन आला, ऐन मुहूर्ताच्या टायमाला. "अहो ते यंत्र बोंबलूलालंय बघा, बंद कसं करायचं सांगा, अर्धं वऱ्हाड बाहेर जाऊन चपला शोधूलालंय." यंत्र मी बसवलेलं नव्हतं, पण फायर अलार्मचं काम करतो म्हटल्यावर गावातला कुठलाही हूटर वाजला तरी फोन मलाच. गेलो. पॅनेलवर, म्हणजे सगळे डिटेक्टर जोडलेल्या मुख्य डब्यावर, किचनच्या भागाचा (झोनचा) दिवा लाल. वर छताला स्मोक डिटेक्टर, आणि बरोबर त्याच्या खाली आचाऱ्यानं हजार पानांच्या आमटीला फोडणी घातलेली. मिरची-मोहरीचा असा खाट उठलेला की मलाच ठसका लागला, डिटेक्टर बिचारा काय करणार, त्याला धूर दिसला, त्यानं सांगितलं.

रीसेट करून आलो आणि मालकांना म्हटलं की हा बदलावा लागेल. दोन दिवसांनी परत गेलो तर आचाऱ्यानं परस्पर इलाज करून टाकलेला. डिटेक्टरला प्लॅस्टिकची पिशवी, वरून रबर. आवाज बंद, सगळे खुश. पण आता तिथं खरोखर तेलाची कढई पेटली तरी पॅनेलला पत्ता लागणार नाही. असल्या पिशव्या मी बेळगावात, निपाणीत, चिकोडीत इतक्या ठिकाणी बघितल्यात की शेवटी म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच काढावं.

सुरुवातीलाच एक सांगतो. मोठ्या बिल्डिंगचं, हॉस्पिटलचं, हॉलचं डिझाईन लायसनवाल्या माणसाकडून आणि फायर डिपार्टमेंटच्या मंजुरीनंच व्हायला पाहिजे, हे वाचून शिडी लावून चढू नका. पण मालकाला, मेंटेनन्सच्या पोराला, वायरमनला आतलं समजलं तर समोरचा काय लावतोय ते कळतं आणि पिशवी बांधायची वेळ येत नाही.

आधी आग वर काय पाठवते ते बघा

हीट डिटेक्टरला आग दिसत नाही. धूर कळत नाही, वास येत नाही. त्याला एवढंच कळतं की माझ्याभोवतीची हवा किती गरम आहे. खाली काही पेटलं की गरम हवा सरळ वर जाते, जाताना बाजूची थंड हवा ओढून घेत जाते, छताला आपटते आणि मग छताला चिकटून चारी बाजूला पसरते, जसं तव्यावर घावन्याचं पीठ ओतलं की पसरतं तसं, फक्त उलटं. ह्या पसरणाऱ्या पातळ थरात डिटेक्टर बसला तरच तो तापणार. छतापासून फूटभर खाली लटकवला तर त्या थरातून सुटला.

ह्यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, छत जेवढं उंच तेवढी हवा वर पोचेपर्यंत गार होते, म्हणजे उंच शेडमध्ये डिटेक्टर वाजायला आग बरीच मोठी व्हावी लागते. दुसरी, जी आग धुमसते पण तापत नाही, म्हणजे गादीतला कापूस, निपाणीच्या वखारीतली तंबाखूची बोदं, रद्दीचा ढीग, तिच्यासाठी हीट डिटेक्टर जवळपास आंधळा आहे. ती तासन् तास आतल्या आत जळते, धूर भरपूर आणि गरमी कमी. झोपलेल्या माणसाला तर धूरच आधी गाठतो. म्हणून जिथं माणसं झोपतात तिथं फक्त हीट डिटेक्टर लावून भागत नाही, तिथं स्मोकच पाहिजे. हीट डिटेक्टर स्मोकपेक्षा उशिरा वाजतो हे कुणी लपवत असेल तर तो तुम्हाला माल खपवूलालाय.

मग हीट लावायचाच कशाला? तर जिथं धूर, वाफ, धूळ, पीठ, तंतू हे रोजचंच आहे, तिथं स्मोक डिटेक्टर टिकत नाही म्हणून. भटारखाना, कुंदा-मिठाईची भट्टी, वडगाव-खासबागचे माग, उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, जनरेटर रूम, बेसमेंटचं पार्किंग, काजूची फॅक्टरी. अशा ठिकाणी उशिरा का होईना पण खरं बोलणारा डिटेक्टर लागतो.

आत काय असतं

उघडून बघितलं तर फार काही नसतं, त्यामुळंच हा गडी टिकाऊ.

सगळ्यात जुना प्रकार वितळणाऱ्या धातूचा. बिस्मथ, शिसं, कथील असल्या धातूंचं मिश्रण ठराविक तापमानाला एकदम पातळ होतं. त्यातलं वुड्स मेटल म्हणतात ते तर ७० डिग्री सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे चहाच्या उकळीच्या बरंच आधी वितळतं. ह्या डाखानं एक स्प्रिंग दाबून धरलेली असते, डाख वितळला की स्प्रिंग सुटते, कॉन्टॅक्ट जुळतो, अलार्म. एकदा वितळला की खेळ संपला, नवीन डिटेक्टर लावायचा. हे टेस्टिंगच्या वेळी विसरू नका, खाली परत येतोच त्यावर.

दुसरा बायमेटल. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकांना चिकटवलेल्या, एक जास्त फुगते, एक कमी, त्यामुळं गरम झाली की पट्टी वाकते आणि कॉन्टॅक्ट लागतो. घरातल्या इस्त्रीचा थर्मोस्टॅट टक् करतो ना, तीच जात. गार झाली की पट्टी परत सरळ, म्हणजे हा पुन्हा वापरता येतो.

तिसरा मला सगळ्यात आवडणारा, हवेच्या डबीचा. एक छोटी बंद डबी, तिला एका बाजूला पातळ पडदा आणि एक बारीक भोक, अगदी मापून केलेलं. दिवस चढेल तसं ऊन वाढतं, डबीतली हवा हळूहळू फुगते आणि भोकातून आरामात बाहेर जाते, काही होत नाही. पण आगीमुळं हवा झपाट्यानं तापली की भोकातून निघायला तिला सवड मिळत नाही, पडदा फुगतो, कॉन्टॅक्ट लागतो. भाकरी मंद आचेवर नुसती वाळते आणि जाळ नीट लागला की टम्म फुगते, तसंच. ह्याला रेट ऑफ राइज म्हणतात, आणि बहुतेक डिटेक्टरात हा वेग मिनिटाला साधारण ६.७ ते ८.३ डिग्री सेल्सिअस असतो. म्हणजे खोली ३२ डिग्रीला असताना एका मिनिटात ४१ झाली तर हा ओरडणार, खोली भरपूर तापायची वाट बघत बसणार नाही. ह्याचा दोष काय तर हळू वाढणारी आग भोकातून निसटते. म्हणून ह्याच्याच पोटात एक फिक्स्ड तापमानाचा भागही देतात, बहुतेक ५७ डिग्रीचा, म्हणजे फॅरनहाइटमध्ये १३५. झपाट्यानं वाढलं तरी वाजेल, हळूहळू ५७ ला पोचलं तरी वाजेल.

आजकाल दुकानात जे मिळतात त्यात बहुतेक थर्मिस्टर असतो. मोहरीएवढा मणी, गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. २५ डिग्रीला १० किलोओहमवाला असेल तर ६० डिग्रीला अडीच-तीन किलोओहमवर येतो. आतली चिप हा आकडा सारखा वाचत असते, किती गरम झालं तेही आणि किती वेगानं तेही. जुन्या डिझाईनमध्ये दोन मणी असायचे, एक उघड्यावर, एक आत झाकलेला, दोघांतला फरक वाढला की वेग वाढला असं समजायचं. डिटेक्टरच्या खालच्या पिंजऱ्यात डोकावून बघितलं तर तो मणी दिसतो, त्याला बोट लावू नका आणि रंग तर बिलकुल लावू नका.

अजून एक प्रकार आहे, वायरीसारखा लांबच लांब. दोन स्टीलच्या तारा पिळलेल्या, मध्ये असलं प्लॅस्टिक की ठराविक तापमानाला मऊ होतं आणि तारा एकमेकींना चिकटतात. ही केबल कुठंही तापली तरी अलार्म. साखर कारखान्याच्या केबल ट्रेला आणि कन्व्हेयरला अशीच लागते, कारण तिथं गोल डिटेक्टर किती म्हणून लावणार.

५७ लिहिलंय म्हणजे ५७ ला वाजेल असं नाही

हे बऱ्याच जुन्या वायरमनलाही माहीत नसतं. ५७ हे त्या डिटेक्टरच्या आतल्या तुकड्याचं तापमान आहे, हवेचं नाही. बंबातलं पाणी जाळ लावल्या लावल्या तापतं का? तसंच हे. हवा तापली तरी आतला धातू तापायला वेळ घेतो. आग सावकाश वाढत असेल तर हवा आणि धातू बरोबरीनं चालतात, पण तेल भडकलं तर हवा शंभरच्या वर गेलेली असते आणि धातू अजून ५७ कडं निघालेलाच असतो. हा उशीर कमी करायलाच रेट ऑफ राइजची अक्कल निघाली.

पहिलं काम: छताचं तापमान मोजा

डिटेक्टर घ्यायच्या आधी दुकानात जाऊ नका, शिडी घ्या. एक साधा डिजिटल थर्मामीटर, जो जास्तीत जास्त तापमान लक्षात ठेवतो तसला, छताजवळ टांगा आणि सगळ्यात वाईट दिवशी टांगा. मंगल कार्यालयात मोठं लग्न असलेल्या दिवशी सकाळी सहापासून. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी. जनरेटर रूममध्ये जनरेटर तासभर लोडवर चालवून. बेळगावची हवा थंड, इथं कशाला एवढं, असं म्हणणारे भेटतात, त्यांना म्हणावं बाहेरच्या हवेचा काय संबंध, पत्र्याखाली हात वर करून बघा. मी स्वतः एका मागाच्या शेडमध्ये खाली ३५ आणि पत्र्याजवळ ५१ बघितलंय.

दोन आकडे लिहून काढा: एरवी बराच वेळ किती असतं, आणि थोड्या वेळासाठी जास्तीत जास्त किती चढतं.

आता युरोपियन स्टँडर्ड ईएन ५४ च्या पाचव्या भागात डिटेक्टरचे वर्ग दिलेत, आपल्याकडच्या बऱ्याच मालावर तेच छापलेले असतात. ए१ वर्ग म्हणजे जिथं एरवी २५ आणि जास्तीत जास्त ५० डिग्री असतं, हा ५४ ते ६५ च्या मध्ये वाजतो. ए२ ची जागा तीच, फक्त ५४ ते ७० मध्ये वाजतो. बी म्हणजे एरवी ४०, जास्तीत जास्त ६५, वाजणार ६९ ते ८५ मध्ये. सी म्हणजे एरवी ५५, जास्तीत जास्त ८०, वाजणार ८४ ते १००. पुढं जी पर्यंत आहेत, पण ते भट्ट्या-बॉयलरवाल्यांचं काम.

हे आकडे पाठ करत बसू नका, त्यातली गंमत बघा. ५४ मधून २५ वजा करा, २९. ६९ मधून ४०, २९. ८४ मधून ५५, तेही २९. आणि ५४ व ५०, ६९ व ६५, ८४ व ८० ह्यांच्यात चारचाच फरक. म्हणजे हिशोब एवढाच: डिटेक्टर वाजायला लागतो तो आकडा तुमच्या रोजच्या तापमानापेक्षा २९ नं तरी वर पाहिजे आणि कधीतरी चढणाऱ्या कमाल आकड्यापेक्षा ४ नं तरी वर. माझ्या त्या मागाच्या शेडला कमाल ५१, म्हणजे ए वर्ग बाद, बी घ्यायचा. दुकानदार म्हणणार सगळेजण हाच नेतात, ५७ चा. नेऊ देत.

उलटी चूकही होते बरं का. वाजायचा त्रास नको म्हणून कुणीतरी सरसकट ८८ चा लावतो. साध्या स्टोअर रूमला ८८ चा लावला तर तो वाजेपर्यंत आतला माल गेलेला असतो.

दुसरं काम: रेट ऑफ राइज पाहिजे की नको

वर्गाच्या अक्षरापुढं कधीकधी आर किंवा एस असतं. आर म्हणजे ह्याच्यात रेट ऑफ राइज आहे, तापमान झपाट्यानं वाढलं तर ठरलेल्या आकड्याच्या आधीच वाजणार. एस म्हणजे कितीही झपाट्यानं वाढू दे, खालच्या आकड्याच्या आधी वाजणार नाही.

आता तुमच्या जागेत रोज काय होतं ते आठवा. भटारखान्यात सकाळी एकदम सहा शेगड्या पेटतात, इडलीच्या भांड्याचं झाकण उघडलं की वाफेचा लोट वर जातो. मिनिटाला आठ डिग्री तिथं रोजचं आहे. तिथं आर लावलात तर स्मोक डिटेक्टरसारखाच पिशवीत जाणार. तिथं एस. जनरेटर रूमलाही एस. उलट गोडाऊन, पार्किंग, बाजारातल्या दुकानांचं मागचं स्टोअर, जिथं तापमान दिवसभर सावकाश चढतं-उतरतं आणि एकदम उसळायचं काही कारण नाही, तिथं आर उत्तम, कारण तिथं एकदम उसळलं म्हणजे काहीतरी पेटलंच.

मिठाईच्या कारखान्यात मी दोन भाग करतो. जिथं खवा आटवतात, कुंदा परततात तिथं बी वर्गाचा एस, आणि जिथं पॅकिंगचे खोके रचलेले असतात तिथं आर. खोक्यांच्या खोलीत धूळ-वाफ नसेल तर खरं म्हणजे स्मोकच लावावा, पण मधलं दार कायम उघडं असतं आणि खव्याची वाफ इकडं पण येते.

किती लागतील, कुठं लागतील

ब्रिटिश स्टँडर्ड ५८३९ चा हिशोब सोपा आहे. खोलीतल्या कुठल्याही जागेपासून सगळ्यात जवळचा हीट डिटेक्टर ५.३ मीटरच्या आत पाहिजे. ह्या हिशोबानं साडेसात मीटरचा चौकोन एका डिटेक्टरच्या वाट्याला येतो, म्हणजे जवळपास ५० चौरस मीटरला एक नग. स्मोकला हेच अंतर साडेसात मीटर आणि जागा १०० चौरस मीटर धरतात, म्हणजे स्मोकच्या जागी हीट लावताना नुसती अदलाबदल करून चालत नाही, नग वाढतात. हीच चूक सगळ्यात जास्त होते, जुन्या बेसवर, म्हणजे छताला पक्क्या केलेल्या बैठकीवर, नवीन डिटेक्टर फिरवून बसवतात आणि काम झालं म्हणतात. आपल्याकडं आयएस २१८९ हे बसवायचं आणि देखभालीचं स्टँडर्ड, आणि आयएस २१७५ हे हीट डिटेक्टरच्या मालाचं. फायर एनओसीच्या कागदात पहिल्याचा नंबर दिसेलच, अंतराचा शेवटचा शब्द त्याचा आणि तुमच्या मंजूर ड्रॉइंगचा.

त्या कार्यालयाचा भटारखाना ४० बाय २५ फूट. म्हणजे १२.२ बाय ७.६ मीटर, ९३ चौरस मीटर. एक पुरणार नाही, दोन लागले. लांबीचे दोन भाग केले, प्रत्येक ६.१ बाय ७.६ चा, मध्यभागी डिटेक्टर. मध्यापासून कोपरा ४.९ मीटर, ५.३ च्या आत बसला. असा कोपऱ्यापर्यंतचा हिशोब एकदा तरी कागदावर करा, नुसतं क्षेत्रफळ बघून लांबट खोलीत फसायला होतं.

भिंतीपासून निदान अर्धा मीटर लांब ठेवा. डिटेक्टरचा तापणारा भाग छतापासून २५ ते १५० मिलिमीटर खाली आला पाहिजे, त्यापेक्षा खाली नाही. एसीच्या झोतापासून, पंख्याच्या अगदी वरून, एक्झॉस्टच्या तोंडापासून लांब, नाहीतर गरम हवा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. शेगडीच्या बरोबर डोक्यावर लावू नका, ती जागा रोजच तापते. खोल बीम असेल, खोलीच्या उंचीच्या दहा टक्क्यांहून जास्त, तर तो भिंत समजायचा आणि पलीकडं वेगळा डिटेक्टर. उतरतं छप्पर असेल, आपल्या इकडच्या कौलारू किंवा पत्र्याच्या शेडसारखं, तर आढ्याजवळ एक रांग लागतेच, कारण गरम हवा तिथंच जाऊन बसते.

उंचीचं बोललो तेच परत: ए१ साठी ९ मीटर, बाकी वर्गांसाठी साडेसात मीटरच्या वर हीट डिटेक्टरवर विसंबू नये. फाउंड्रीची शेड त्याहून उंच असेल तर बीम डिटेक्टर किंवा फ्लेम डिटेक्टरचा विचार करावा लागतो, तो वेगळा विषय.

वायरिंग: इथंच घोळ होतात

साध्या कन्व्हेन्शनल पॅनेलमधून प्रत्येक झोनला दोन वायरी निघतात, २४ व्होल्ट डीसी. त्या एका डिटेक्टरच्या बेसमध्ये शिरतात, बाहेर पडतात, पुढच्यात शिरतात, आणि सगळ्यात शेवटच्या डिटेक्टरवर एक रेझिस्टर लावतात, त्याला एंड ऑफ लाइन म्हणतात. किती ओहमचा ते पॅनेल ठरवतं, पॅनेलच्या पिशवीत येतो, फेकू नका. समजा ४.७ किलोओहमचा आहे, तर २४ व्होल्टला साधारण ५ मिलीअँप करंट कायम वाहत असतो. पॅनेल ह्या पाचवर डोळा ठेवून बसलेलं असतं. वायर तुटली, करंट शून्य, पॅनेल म्हणतं फॉल्ट. डिटेक्टर वाजला की तो दोन्ही वायरींमध्ये थोडासाच रेझिस्टन्स टाकतो, करंट कितीतरी पट चढतो, पॅनेल म्हणतं आग. एवढंच सगळं गणित.

म्हणूनच मधूनच फाटा काढायचा नाही. घरच्या लाईटच्या वायरिंगला आपण जंक्शनमधून कुठंही फाटा काढतो, ती सवय इथं घातक. फाट्यावरच्या डिटेक्टरची वायर उंदरानं कुरतडली तरी मेन लाइनचा करंट तसाच वाहतो, पॅनेल हिरवं दिसतं आणि तो डिटेक्टर मेलेला असतो. मी एका ठिकाणी फाट्यावर सात डिटेक्टर बघितलेत, त्यातले चार कधी पॅनेलला दिसलेच नव्हते, बसवल्यापासून. पकडायची सोपी युक्ती: एकेक डिटेक्टर फिरवून बेसमधून काढा. प्रत्येक वेळी पॅनेलवर फॉल्ट आलाच पाहिजे. नाही आला की तिथं फाटा आहे किंवा आतली वायर न तोडता नुसती सोलून बेसला अडकवलीय, इन आणि आउट दोन वेगळी टोकं पाहिजेत.

प्लस-मायनस सांभाळा. एका झोनवर साधारण २० च्या वर डिटेक्टर नकोत, आणि झोन म्हणजे एक मजला किंवा एक भाग, शोधायला सोपं जावं म्हणून. किचन आणि वरच्या मजल्याच्या खोल्या एकाच झोनवर घेतल्या तर रात्री कुठं पळायचं? अ‍ॅड्रेसेबल पॅनेल असेल तर प्रत्येक डिटेक्टरला नंबर असतो आणि पॅनेलवर थेट नाव येतं, वायर लूपमध्ये फिरून परत पॅनेलला येते, पैसे जास्त पण मोठ्या हॉटेल-हॉस्पिटलला तेच बरं.

पॅनेलशेजारी झोनचा तक्ता लावा आणि तो मराठी-कानडी दोन्हीत लिहा. आपल्याकडं वॉचमन मराठी आणि फायर ब्रिगेडचा माणूस कानडी, किंवा उलटं, हे नेहमीचंच. भांडण नंतर करू, आधी "अडुगे मने" म्हणजे भटारखाना हे दोघांनाही वाचता आलं पाहिजे.

बॅटरी १२ व्होल्टच्या दोन, सिरीजमध्ये. वीज गेल्यावर २४ तास नुसतं जागं राहून वर अर्धा तास हूटर वाजवता यावा इतक्या ताकदीच्या धरतात. खानापूर-कणकुंबीकडं पावसाळ्यात लाईट किती जाते हे मी सांगायला नको, आणि बॅटरी मेली तरी लाईट असेपर्यंत सगळं छान चाललेलं दिसतं. वर्षातून दोनदा मेन बंद करून बघा.

टेस्टिंग

डिटेक्टरवर येताना एक प्लॅस्टिकची टोपी असते, धूळ बसू नये म्हणून. रंगकाम संपलं की ती काढायची. हसू नका, टोपीसकट दोन वर्षं चाललेली सिस्टीम मी बघितलीय.

आधी सगळ्यांना सांगा की टेस्ट आहे. मग केसांचा हेअर ड्रायर घ्या, वीतभर अंतरावरून डिटेक्टरच्या पिंजऱ्यावर झोत मारा. रेट ऑफ राइजवाला लगेच, फिक्स्डवाला थोडा वेळ घेऊन वाजतो. वर लाल दिवा पेटला, पॅनेलवर बरोबर झोन आला, हूटर वाजला, तिन्ही बघायचं. गार होऊ दे, रीसेट करा. बी-सी वर्गाला साधा ड्रायर पुरत नाही, टेस्टिंगची काठीवरची हीट गन मिळते ती लागते. काडेपेटी, लायटर, मेणबत्ती धरू नका, प्लॅस्टिक वितळतं आणि मणी जळतो. उदबत्ती तर ह्याला कळतच नाही, ती स्मोकची टेस्ट.

आणि तो डाख वितळणारा प्रकार असेल तर ड्रायर लांबच ठेवा, टेस्ट पास होईल आणि डिटेक्टर कायमचा जाईल. त्याचं फक्त वायरिंग तपासायचं. मॉडेल नंबर बघून आधी खात्री करा.

प्रत्येक नग वर्षातून एकदा तरी तापवून बघायचा आणि वहीत तारीख लिहायची. भटारखान्यातल्याला तीन-चार महिन्यांनी फडक्यानं पुसा, तेलाचा थर बसला की तो रजई पांघरल्यासारखा होतो, गरमी आत पोचायला अजून उशीर.

एक राहिलं. गॅस गळला तर हीट डिटेक्टरला काही कळत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, ती खाली जमिनीलगत साचते, तिचा डिटेक्टर वेगळा आणि तो जमिनीजवळ लागतो. छतावरचा बघून निर्धास्त होऊ नका.

त्या कार्यालयाचं काय झालं ते सांगतो. थर्मामीटर छताला टांगला, मोठ्या लग्नाच्या दिवशी कमाल ५६ आली, एरवी ३८-३९. बी वर्गाचे एस दोन लावले. आचारी शिडीखाली उभा राहून बघत होता, म्हणाला, "आता मिरची टाकली तर?" म्हटलं टाका. त्यानं मुद्दाम डबल टाकली, आम्ही सगळे खोकत बाहेर आलो आणि पॅनेल हिरवंच. मालकांनी विचारलं मग हे जुने स्मोकवाले काय करू, चांगले आहेत की. बरोबर होतं त्यांचं, फुंकून-पुसून टेस्ट केले तर दोन्ही ठणठणीत. वर नवरीकडच्या खोल्या आहेत, जिथं लग्नाच्या आदल्या रात्री वीस-पंचवीस माणसं गाद्या टाकून झोपतात, तिथं एकही डिटेक्टर नव्हता. तिथं लावले, वेगळ्या झोनवर.